फोटो फाटतोय : एका वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठाचं प्रकरण

"सर, कव्हरचा फोटो फाटतोय. दुसरा आहे का?"

छापखान्यातल्या काकांचा फोन आला तेव्हा मार्चचा दुसरा आठवडा होता आणि मी तोंडी परीक्षेचे गुण भरत बसलो होतो. शेजारी उभ्या असलेल्या आमच्या विद्यार्थी-संपादकाने तेवढंच ऐकलं. ती म्हणाली, "फाटतोय कसा? आपण तर पेन ड्राइव्हमधून दिलाय."

डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावण्याच्या, धंद्यातला हा रोजचा शब्द आहे. फोटो मोठा केला की त्यातले चौकोन दिसायला लागतात, कडा जिन्यासारख्या पायऱ्यापायऱ्यांच्या होतात, त्याला फोटो 'फाटणं' म्हणतात. मुलांना तो शब्द त्या दिवशी कळला. पुढच्या नऊ दिवसांत डिजिटल फोटो म्हणजे काय हेही बरंचसं कळलं, आणि खरं सांगायचं तर थोडंफार मलाही. संगणकाच्या तासाला 'पिक्सेल म्हणजे चित्राचा सर्वांत लहान घटक' ही व्याख्या मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. तिचा उपयोग करायची वेळ आली नव्हती, एवढंच.

फोटोचा प्रवास

फोटो २६ जानेवारीचा, मुलींच्या लेझीम पथकाचा. नऊवारी, केशरी फेटे, मागे उगवतीचं ऊन. एका मुलीच्या आईने तो आपल्या फोनवर काढला होता. १२ मेगापिक्सेलचा साधा फोन, पण क्षण अचूक पकडलेला. सगळ्यांच्या लेझमा एकाच उंचीवर. त्यांनी तो पालकांच्या ग्रुपवर टाकला. तिथून वर्गशिक्षिकांनी आमच्या ग्रुपवर, तिथून अंकाच्या मंडळाकडे. मंडळातल्या एका मुलाने मुखपृष्ठ उभं असतं म्हणून आडव्या फोटोतल्या पुढच्या तिघीच ठेवल्या, बाजूची पाण्याची टाकी आणि दुचाक्या कापल्या, वर शाळेचं नाव लिहिलं आणि फाइल दिली. काम झालं.

मोबाइलवर तो फोटो सुरेख दिसत होता, हे मुद्दाम सांगतो. मुलांनी आळस केला नव्हता. जे पाहिलं ते ठीकच होतं, फक्त पाहिलं ते तळहाताएवढ्या काचेवर.

मी फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधलं डिटेल्सचं पान उघडायला लावलं. रुंदी ५६६ पिक्सेल, उंची ८००. ग्रुपवरून आलेला आधीचा फोटो शोधला, तो १६०० बाय १२००. आणि फोनच्या कॅमेऱ्यात निघाला असणार तो ४००० बाय ३०००. तिन्ही गुणाकार फळ्यावर मांडले. मूळ १ कोटी २० लाख चौकोन. ग्रुपवरून येताना १९ लाख २० हजार, म्हणजे शंभरातले सोळा. कापल्यावर ४ लाख ५२ हजार ८००, शंभरातले चारही नाहीत. चॅटची अ‍ॅप्स फोटो पाठवताना तो लहान करतात, नाहीतर सगळ्यांचा डेटा संपेल, त्यात त्यांची चूक काही नाही. छपाईसाठी तोच फोटो उचलला ही चूक आमची.

आता कागदाकडून मोजू. चांगल्या छपाईला एका इंचात ३०० पिक्सेल लागतात असा छापखान्याचा सर्वसाधारण हिशोब. ए-फोर कागद ८.२७ बाय ११.६९ इंच, म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल हवेत. आमच्याकडे उंचीत ८००. ते ११.६९ इंचांवर पसरले तर इंचाला जेमतेम ६८. प्रत्येक चौकोन कागदावर एक तृतीयांश मिलिमीटरपेक्षा मोठा होतो, आणि पुस्तक हातभर अंतरावर धरलं की तो डोळ्यांना खुपतो.

आकडे मुलांनी उतरवून घेतले, पण चेहऱ्यांवर काही हललं नाही. मग मी पुढच्या तिघींतली मधली मुलगी निवडली आणि तिचा चेहरा मोजायला सांगितला. फोटो ८०० टक्के मोठा करून, स्क्रीनवर पेन्सिलचं टोक टेकवत त्यांनी मोजला. ३२ चौकोन रुंद, हनुवटी ते फेट्याची कड ४२. एकूण १३४४.

"बास?" ती मुलगी तिथेच होती. "माझा अख्खा चेहरा एवढ्यातच?"

इथे मला रसेल किर्श आठवले. अमेरिकेतल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये १९५७ साली त्यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो स्कॅन करून संगणकात घातला. संगणकात स्कॅन करून घेतलेलं ते पहिलं चित्र मानलं जातं. ते होतं १७६ बाय १७६, म्हणजे ३०,९७६ चौकोनांचं. खोलीभर पसरलेल्या संगणकातल्या त्या तान्ह्या बाळापाशी आमच्या नववीतल्या मुलीपेक्षा तेवीस पट चौकोन होते. हे ऐकल्यावर वर्ग जागा झाला.

न चाललेले तीन उपाय

मुलं स्वस्थ बसणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी एकजण विजयी मुद्रेने आला, "सर, तीनशे डीपीआय केला." डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके छापायचे तो आकडा. त्याने गिंप या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'प्रिंट साइझ'च्या चौकटीत ७२ च्या जागी ३०० लिहिलं होतं. पिक्सेल तेवढेच, ५६६ बाय ८००. फक्त फाइलवर चिठ्ठी चिकटली की हे इंचाला तीनशे या दाटीने छापा. त्या दाटीने छापला तर फोटो ४.८ सेंटिमीटर रुंद येतो, आधार कार्डापेक्षा लहान. गोणीवर '५० किलो' लिहिल्याने गहू वाढत नाहीत, असं मी म्हटलं. शेतकऱ्यांची पोरं, लगेच पटलं. छापखान्यात येणाऱ्या निम्म्या 'तीनशे डीपीआय' फायली अशाच असतात, असं काका नंतर म्हणाले.

मग त्याने शेजारचं 'स्केल इमेज' वापरलं आणि खरोखरच २४८० पिक्सेल रुंद फाइल केली. आता आकडा खरा होता. पण जुन्या एका चौकोनातून सुमारे १९ नवे तयार करायचे तर त्यांचे रंग आणायचे कुठून? संगणक शेजारच्या चौकोनांची सरासरी काढतो. त्यामुळे पायऱ्या गेल्या, त्यांच्या जागी धुकं आलं. लेझमीच्या चकत्या वेगवेगळ्या दिसायच्या, त्यांची करडी पट्टी झाली.

तिसरा उपाय मात्र मलाही क्षणभर फसवून गेला. मोबाइलवरच्या एका 'एन्हान्स' करणाऱ्या अ‍ॅपमधून फोटो काढून आणला, आणि तो लख्ख होता. पापण्या मोजता येतील इतका. काकांकडे पाठवला असता तर त्यांनी डोळे झाकून छापला असता. मी 'वा' म्हणायच्या बेतात होतो. तेवढ्यात मधली मुलगी म्हणाली, "सर, ही मी नाहीये."

नीट पाहिलं. तिच्या कपाळावर चंद्रकोर होती, आता गोल टिकली. नथीतले मोती वितळून नाकाखाली एक पांढरा ठिपका राहिला होता. उजव्या भुवईत लहानपणी पडल्याची खूण आहे, ती नाहीशी, भुवई सलग. चेहरा सुंदर होता, पण कुण्या दुसरीचाच.

एका चौकस मुलाने हात वर केला. "पण सर, तुम्हीच म्हणालात की कॅमेरासुद्धा अंदाज करतो." बरोबर होतं, आदल्या दिवशी मीच सांगितलं होतं. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रत्येक कणावर एकाच रंगाची गाळणी असते, निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांना या मांडणीचं पेटंट १९७६ मध्ये मिळालं आणि आजही बहुतेक फोन त्याच घराण्यातले आहेत. म्हणजे प्रत्येक पिक्सेलच्या तीन रंगांपैकी एक मोजलेला आणि दोन शेजाऱ्यांवरून काढलेले. मग अ‍ॅपने वेगळं काय केलं?

उत्तर द्यायला मला वेळ लागला. कॅमेऱ्याचा अंदाज त्याच क्षणी, त्याच चेहऱ्यावरून आलेल्या प्रकाशाच्या मोजमापावर चालतो. अ‍ॅपचा अंदाज त्याने पूर्वी पाहिलेल्या लाखो परक्या चेहऱ्यांवर. आपल्या मुलीच्या १३४४ चौकोनांत भुवईची खूण मावतच नव्हती, म्हणून त्याने 'अशा ठिकाणी साधारण काय असतं' ते भरलं. निसर्गचित्रात हे चालून जाईल. शाळेच्या अंकात, जिथे आजी चष्मा लावून आपली नात शोधणार आहे, तिथे नाही चालणार.

मूळ फोटो

ज्यांनी फोटो काढला त्या ताईंना मी फोन केला. "सर, परत पाठवते ना," म्हणाल्या आणि ग्रुपवर पुन्हा टाकला. पुन्हा १६०० बाय १२००, २४० केबी. मग मी डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलं, म्हणजे अ‍ॅप तो लहान करणार नाही. आला तोही तेवढाच, कारण फोन भरल्यामुळे कॅमेऱ्यातले फोटो त्यांनी काढून टाकले होते आणि आता ग्रुपवरून परत उतरलेली प्रतच पाठवत होत्या. दोन दिवस गेले. शेवटी कळलं की पुसण्याआधी थोरल्या मुलाने सगळे फोटो लॅपटॉपवर घेऊन ठेवले होते. तो शनिवारी पेन ड्राइव्ह घेऊन आला. ४००० बाय ३०००, ४.६ एमबी.

त्या दिवशी आम्ही संगणक कक्षात एक फोल्डर केलं, 'मूळ - हात लावू नये'. जे काही करायचं ते त्याच्या प्रतीवर.

मूळ फोटोचा ताण वेगळाच निघाला. तो आडवा आणि मुखपृष्ठ उभं. ब्लीडसाठी, म्हणजे कागद कापताना कडेला पांढरी पट्टी राहू नये म्हणून, चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त सोडायचे, म्हणजे उंची ३०३ मिलिमीटर. पूर्ण ३००० उंची वापरली तरी इंचाला २५१ पडत होते. काका म्हणाले, चालेल. पण मग रुंदीचे ४००० पैकी २१३९ पिक्सेलच राहणार, जवळजवळ निम्म्या मुली बाहेर. आमच्या संपादकाला ते रुचेना. तिने वहीत चौकट काढली आणि विचारलं, "फोटो उभा करण्यापेक्षा कव्हरवर आडवाच ठेवला तर? वर फोटो, खाली नाव."

हे मला सुचायला हवं होतं. कापून ३२०० बाय २००० ठेवला, टाकी आणि दुचाक्या गेल्या, पथक पूर्ण राहिलं. रुंदी ब्लीडसकट २१६ मिलिमीटर, म्हणजे साडेआठ इंच. इंचाला ३७६ पिक्सेल, गरजेपेक्षा जास्तच. चेहरे लहान झाले, साधारण साडेपाच मिलिमीटर रुंद, पण प्रत्येक चेहऱ्यात आता ८४०० चौकोन होते आणि भुवईची खूण भिंगातून दिसत होती.

उजेड, नीळ आणि फेटे

ऊन मागून असल्याने चेहरे काळवंडले होते. फोटो सुधारायचा म्हटलं की मुलं ब्राइटनेसची पट्टी उजवीकडे ओढतात. ओढली. चेहरे उजळले आणि आकाशासकट फेट्यांच्या कडाही पांढऱ्या पडल्या, सगळ्यावर राख उडाल्यासारखं झालं. मग हिस्टोग्राम उघडला. प्रत्येक पिक्सेलचे लाल, हिरवा, निळा हे तीन आकडे ० ते २५५ च्या दरम्यान असतात. कुठल्या उजेडाचे किती पिक्सेल आहेत त्याचा तो आलेख. आमचा आलेख दोन ढिगांचा होता. डावीकडे चेहरे आणि नऊवारी, उजवीकडे भिंतीला टेकलेलं आकाश.

उजवीकडचा ढीग २५५ वर आदळला होता. तिथे तिन्ही आकडे कमाल, म्हणजे कॅमेऱ्याने 'पांढरं' यापलीकडे काही नोंदलंच नाही. कितीही काळं केलं तरी तिथे ढग येत नाहीत, सपाट करडा येतो. डाव्या ढिगात मात्र माल होता, आकडे कमी असले तरी एकमेकांपासून वेगळे. म्हणून ब्राइटनेसला हात न लावता कर्व्हज घेतलं. त्यात एका तिरप्या रेषेने अंधाऱ्या आणि उजळ भागांचा उजेड वेगवेगळा बदलता येतो. रेषेचा डावीकडचा भाग थोडा वर उचलला, उजवं टोक जागेवर ठेवलं. आकाश तसंच, चेहरे वर आले. फार उचलल्यावर काळ्या केसांत रंगीत रवा दिसू लागला, तेव्हा थोडं मागे आलो. अंधारातून उजेड काढायला गेलं की हा रवा सोबत येतोच.

आता रंग. सावलीमुळे सगळ्यावर निळसर झाक होती. गिंपच्या लेव्हल्समध्ये एक ड्रॉपर असतो. फोटोतली पांढरी किंवा करडी वस्तू त्याला दाखवायची, ती तटस्थ धरून तो बाकीचे रंग सावरतो. मुलांनी बाजूला उभ्या असलेल्या मुलाचा पांढराशुभ्र गणवेश दाखवला. क्षणात अख्खं पथक कावीळ झाल्यासारखं पिवळं.

मी चकित झालो. दोनदा केलं, तेच. मग आमच्या शिपाई मावशी, ज्या इतका वेळ दारात उभ्या राहून बघत होत्या, म्हणाल्या, "सव्वीस जानेवारीचा सदरा ना? नीळ दिलेली असणार." खरंच की. निळीचा सदरा मुळातच निळसर असतो. त्यालाच 'तटस्थ' म्हटल्यावर संगणकाने ती निळाई काढायला सगळीकडे पिवळं ओतलं. मग व्हरांड्याचा सिमेंटचा खांब दाखवला आणि रंग जागेवर आले. फोटो संपादनाच्या कुठल्याच धड्यात मी हे वाचलं नव्हतं.

शार्पन थोडंसं, शेवटी, एकदाच. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

साठवण्याबद्दल मात्र आहे. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे ठोकळे करतं आणि प्रत्येक ठोकळ्यातला डोळ्याला सहसा न जाणवणारा बारकावा टाकून देतं. म्हणूनच सुमारे ३६ एमबीचा मजकूर ४.६ एमबीत बसतो. पण बदल करून पुन्हा जेपेगमध्ये ठेवलं की पुन्हा टाकाटाक होते. पहिल्या मुखपृष्ठावर मुलांनी नाव फोटोतच लिहून तो पाच-सहा वेळा साठवला होता. अक्षरांभोवती, विशेषतः शिरोरेषेच्या वर, माशा बसल्यासारखे ठिपके आले होते. धारदार काळी कड आणि सपाट पार्श्वभूमी हे या ठोकळ्यांचं सर्वांत अवघड दुखणं. या वेळी काम गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ फाइलमध्ये ठेवलं, जेपेग शेवटी एकदाच काढला, दर्जा ९५. आणि नाव फोटोत लिहिलंच नाही. ते काकांनी कोरल या पानं आखण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलं. तिथे अक्षर चौकोनांचं नसतं, रेषेचं असतं, ते कितीही मोठं केलं तरी फाटत नाही.

जेपेग काढताना एक्झिफ, म्हणजे फोटोच्या फाइलमध्ये दडलेली माहिती, सोबत ठेवण्याची खूण काढून टाकायला सांगितलं. मूळ फाइलमध्ये फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश होते. शाळेच्या मैदानाचे असतील तर असोत, पण आतल्या पानांसाठी आलेल्या दोन फोटोंत मुलींच्या घरांचे होते, आणि अंकाची पीडीएफ सगळीकडे फिरणार होती.

प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, आलं. चेहरे छान, साड्या छान, फेटे विटकरी. संपादक काकांशी भांडायच्या तयारीत होती. काकांनी तिला आत नेऊन शाईचे डबे दाखवले. स्क्रीन लाल, हिरव्या, निळ्या उजेडातून रंग करते. छपाई निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळी आणि काळी या चार शायांतून, कागदावरून परतणाऱ्या प्रकाशात. झगझगीत केशरी आणि पोपटी हे रंग स्क्रीनला जमतात, या चार शायांना तेवढ्या तेजाने जमत नाहीत. "पोरी, उजेड छापता येत नाही," ते म्हणाले, आणि सायन थोडी कमी करून फेटे जेवढे उजळता आले तेवढे उजळून दिले. अंकातले फेटे अजूनही मैदानावरच्या फेट्यांएवढे पेटलेले नाहीत.

आतल्या पानांवरच्या तीन फोटोंची मूळ प्रत शेवटपर्यंत मिळाली नाही. ते ६४० पिक्सेल रुंदीचे होते, म्हणून संपादकाने ते ५.४ सेंटिमीटर रुंदीतच लावले. अंक वाटला त्या दिवशी एक पालक तिच्याकडे आले, "बाकीचे एवढे मोठे, आमच्या मुलाचाच फोटो एवढासा का?" तिने त्यांच्या हातातला अंक उलटा केला, मागच्या कोऱ्या पानावर ६४० भागिले ३०० मांडलं, उत्तराला २.५४ ने गुणलं आणि पेन्सिलीने खाली रेघ ओढली. मग म्हणाली, "काका, तुमच्याकडे मूळ फोटो आहे का? ग्रुपवरचा नको."